बिननावाचं मयत

त्या सोमवारी सकाळी आमची निम्मी नामियांगो वस्ती मयताचं घर शोधत फिरत होती, आणि त्यात सगळ्यांत पुढे मी होतो. लोक आता मला त्यावरून चिडवतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.

झालं असं की शाळेसमोरच्या डांबरी रस्त्यावर दोन ठिकाणी आंब्याच्या ताज्या फांद्या आडव्या टाकलेल्या दिसल्या. फांद्या दिसल्या की जवळपास कुणीतरी गेलंय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. गाडीवाला वेग कमी करतो, आतली माणसं बोलायची थांबतात, डोक्यावर टोपी असेल तो टोपी काढतो. मी घरी परतलो, काळा कोट चढवला, मक्याच्या पिठाची पिशवी काखेत मारली आणि निघालो. कोपऱ्यावर अमायी नाबांडा भेटल्या. आमच्या मयतीच्या मंडळाच्या त्या प्रमुख; अमायी म्हणजे मानाने आई, तसं पुरुषाला अबाम्बो, म्हणजे बाबा. डोक्यावर सरपणाची मोळी होती.

"कुणाकडे?" मी विचारलं.

"मी तुमच्या मागे येत होते, अबाम्बो," त्या म्हणाल्या. "कोट घालून निघालात, म्हटलं तुम्हाला ठाऊक असणार."

मागून चिसाले आला, खांद्यावर फावडं. कबर खणणाऱ्यांना आमच्याकडे 'नातू' म्हणतात, मग त्यांचं वय काही का असेना. चिसाले बासष्ट वर्षांचा आहे आणि नातवांचा पुढारी आहे. त्यालाही काही ठाऊक नव्हतं. मग आम्ही अंदाज बांधला आणि दोन वर्षं आजारी असलेल्या लिकाग्वा म्हाताऱ्याकडे गेलो. म्हातारा ओट्यावर बसून थोब्वा, म्हणजे मक्याची आंबील, पीत होता. फाटकात काळे कपडे घातलेली पंधरा-वीस माणसं बघून त्याने पेला खाली ठेवला.

"चुकलात," तो म्हणाला. "पण पीठ आणलंच आहे तर ठेवून जा."

तिथून आम्ही नासिबेको आजींकडे गेलो. आजी शहाऐंशीच्या, दोन्ही गुडघे गेलेले. चटईवरून मान उचलून त्यांनी विचारलं, "कोण गेलं रे?" आम्ही म्हटलं, तेच विचारायला आलोय. आजी म्हणाल्या, "मी तर इथेच आहे." त्यांची मुलगी दोरिका घरी नव्हती. ती सकाळी शाळेच्या फाटकासमोर मांदाझीचे गोड वडे तळायला बसते, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. नऊ वाजता रस्त्यावर आलो तर फांद्या गायब.

मंगळवारी सातला फांद्या पुन्हा हजर, साडेसातला गायब. दुपारी शाळा सुटताना पुन्हा हजर. मयताला वेळापत्रक असल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. बुधवारी मी न्हाव्याच्या टपरीत दाढीचा साबण लावून बसलो आणि आरशातून रस्त्यावर नजर ठेवली. शेवटचं पोर फाटकातून आत गेलं तशी दोरिका उठली. दोन्हीकडच्या फांद्या तिने गोळा केल्या, नीट जुळवल्या आणि तळणीच्या टेबलाखाली सरकवल्या. मग हात पुसून पुन्हा पीठ मळायला लागली.

मला राग आला, आणि साधासुधा नाही. आठ महिन्यांपूर्वी त्याच रस्त्यावर, जवळजवळ त्याच जागी, माझ्या बायकोसाठी फांद्या पडल्या होत्या. एलुबेसाठी ब्लांटायरहून येणाऱ्या मिनीबस रांगेने हळू झाल्या होत्या, अनोळखी माणसांनी टोप्या काढल्या होत्या. त्या दिवसातलं मला दुसरं काही आठवत नाही, तेवढं आठवतं. आणि ही बाई त्याच खुणेचा खेळ करत होती. अर्धी दाढी तशीच ठेवून मी थेट आमच्या म्फुमूंकडे गेलो. म्फुमू म्हणजे वस्तीचे वडीलधारे. शहरात त्यांना कायद्याने अधिकार नाही म्हणतात, पण त्यांच्या शब्दावाचून इथे कुणाचं लग्न होत नाही आणि कुणाला माती मिळत नाही.

"शनिवारी बैठक आहेच," म्फुमू म्हणाले. "विषय लिहून घ्या. आणि तोंड धुवा."

मी वस्ती समितीचा चिटणीस आहे. त्याआधी तीस वर्षं नगरपालिकेच्या रस्ते विभागात कारकून होतो, त्यामुळे कागद कसा चालतो आणि कुठे झोपतो हे मला कळतं. शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून आम्ही चार अर्ज केले होते, चारही माझ्या हातचे. चौथा अर्ज मार्चनंतरचा. मार्चमध्ये दुसरीतल्या एका मुलीला गाडीने उडवलं होतं. पाय मोडला, जीव वाचला, अजून लंगडते. दोरिकाच तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेली होती. अर्जाला उत्तर आलं, की आधी सात दिवस वाहनं मोजा, मग नमुना भरा, मग अभियंता येईल. अशी उत्तरं मी स्वतः शेकड्याने टंकलेली आहेत, म्हणून मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. दरम्यान मुलांचं चित्र असलेली पत्र्याची पाटी आम्ही वर्गणी काढून उभी केली होती, तिची कुणीतरी कोळशाची शेगडी करून टाकली.

शनिवारी शाळेच्या वर्गात बैठक भरली. म्फुमू मास्तरांच्या खुर्चीत, शेजारी नगरसेवक माखुम्बा, आणि आम्ही बाकीचे पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून. विषयपत्रिकेत पाण्याचा नळ, कचऱ्याचा खड्डा आणि गतिरोधक होते. त्या सगळ्यांच्या वर मी लिहिलं होतं: 'विषय पहिला, दोरिका नासिबेको यांनी मयताच्या खुणेचा केलेला गैरवापर'. हात जरा दाबूनच लिहिलं होतं.

तक्रार मांडायला मिनीबसचा ड्रायव्हर सैदी उभा राहिला.

"म्फुमू, मी दिवसातून सहा खेपा करतो," तो म्हणाला. "पाच दिवस झाले, शाळेच्या वेळच्या दर फेरीला टोपी काढतोय. गाडीतल्या बायका गाणं म्हणतात. परवा एक म्हातारी रडली हो. मी तिला विचारलं, तुमचं कोण गेलं? तर म्हणते, माहीत नाही, पण फांद्या बघून भरून आलं."

वर्गात हशा झाला. म्फुमूंनी हात वर केला तसा तो थांबला.

"अमायी दोरिका," ते म्हणाले, "फांद्या तुम्ही टाकल्या?"

दोरिका मागच्या भिंतीपाशी खाली बसली होती. चाळिशीची बाई, हातावर तेलाचे जुने डाग. "होय, म्फुमू."

"मयत कुणाचं?"

"कुणाचं नाही."

"मग?"

"म्हणूनच टाकल्या," ती म्हणाली. "कुणाचं होऊ नये म्हणून."

ती खाली बघून पुढे सांगू लागली, आवाज न चढवता. "मी हात दाखवून बघितलं. गाड्या थांबत नाहीत. लाल फडकं धरलं, तर सैदीभाऊ म्हणाले, मांदाझी नकोत आज. पोलिसाला आणून उभं केलं, तो दोन दिवस थांबला आणि वीस मांदाझी खाऊन गेला. मग मला आठवलं की या रस्त्यावर माणूस हळू होतो तो फक्त मेलेल्यासाठी. जित्या पोरांसाठी कुणी होत नाही. पाच दिवस एकही गाडी पळाली नाही, म्फुमू. तुम्ही सैदीभाऊंना विचारा."

सैदीने टोपी हातात फिरवली आणि खाली बसला.

मी इतिवृत्त लिहीत होतो. तिचं एवढं बोलणं लिहायचं कसं, ते मला सुचेना. शेवटी लिहिलं, 'संबंधित महिलेने खुलासा केला'. तीस वर्षांची सवय.

मग अमायी नाबांडा उठल्या. त्यांचं बोलणं नेहमीच गोड असतं आणि त्या दिवशीही गोडच होतं, म्हणून ते जास्त लागलं. "दोरिका, तू माझ्या मुलीसारखी. पण उद्या फांद्या पडल्या तर माणसं म्हणतील, असतील दोरिकाच्या. आणि घरात खरंच कुणी गेलेलं असेल. पीठ येणार नाही, सरपण येणार नाही, माणूस येणार नाही. ज्याने ही खूण मोडली त्याला मंडळात ठेवता येत नाही. असा नियम आहे, मी केलेला नाही."

मंडळातून काढणं म्हणजे काय ते त्या वर्गातल्या प्रत्येकाला कळलं. मंडळाबाहेरच्या घरात कुणी गेलं तर नातू खड्डा खणत नाहीत, बायका रात्र जागवत नाहीत, खांदा द्यायला भाड्याची माणसं आणावी लागतात. आणि दोरिकाच्या घरात शहाऐंशी वर्षांच्या आजी चटईवर होत्या. दोरिकाचा चेहरा पहिल्यांदाच बदलला.

"मला दंड करा," ती म्हणाली. "कोंबड्या घ्या, रस्ता झाडायला लावा. पण आईला माती द्यायला या. तिने या वस्तीत एकही मयत चुकवलेलं नाही. पाय होते तोवर ती चालत गेली, पाय गेल्यावर तिने मला पाठवलं."

हे खरं होतं. एलुबेच्या वेळी दोरिका तीन रात्री आमच्या स्वयंपाकघरात सीमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, ढवळत होती. मला ते ठाऊक होतं, आणि तरीही मी मान वर केली नाही. रागाला धरून बसायची मला खोड आहे. एलुबे म्हणायची, तुम्ही रागाला बैलासारखं दावणीला बांधून ठेवता आणि वर वैरणही घालता.

म्फुमूंनी नगरसेवकांकडे पाहिलं. माखुम्बा तसा बरा मनुष्य, फक्त निवडून आल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीची प्रक्रिया आठवते. "गतिरोधक मंजूर होईल," तो म्हणाला, "पण यंदा डांबर नाही. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर बघू. स्वतः रस्त्यावर काही करू नका, ते बेकायदा ठरतं."

"म्हणजे अजून दीड वर्ष," म्फुमू म्हणाले. मग त्यांनी चिसालेला विचारलं, "नातवांचं काय म्हणणं आहे?"

चिसाले सावकाश उठला. त्याला बोलायची घाई कधीच नसते, त्याचं गिऱ्हाईक कुठे पळून जात नाही असं तोच म्हणतो.

"माझं वेगळंच म्हणणं आहे," तो म्हणाला. "फांद्या टाकल्या हा गुन्हा लहान. बाईने त्या रोज उचलल्या, हा मोठा. फांद्या पडल्या की माती पडेपर्यंत उचलायच्या नाहीत, हे लहान पोराला कळतं. पाच दिवसांत रोज दोन-दोन वेळा मयत उघडलंय आणि मातीविना सोडलंय. ते तसंच राहिलं तर वस्तीला बाधेल. ते पुरं केलं पाहिजे."

"अहो, पण पुरायचं काय?" अमायी नाबांडा म्हणाल्या. "मेलेलं कुणी नाही."

"शिरे नदीत वाहून गेलेल्याचं काय पुरतो आपण? देह नसतोच. माती टाकतो, उंचवटा करतो, घरी जातो." चिसालेने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "फांद्या जिथे पडल्या तिथे माती पडली पाहिजे. रस्त्यावर. या कडेपासून त्या कडेपर्यंत."

एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला तो चेहऱ्यांवर दिसत होता. सगळ्यांत आधी तो माखुम्बाच्या डोक्यात पडला असावा, कारण तो खिशातून फोन काढून घाईघाईने उठला. "मला महत्त्वाचा फोन आलाय. इथे काय बोलणं झालं ते मी ऐकलेलं नाही." दारात जाऊन तो फोनमध्ये मोठ्याने म्हणाला, "चार बोटं उंच पुरे, त्यापेक्षा जास्त केलं तर गाडीचं पोट घासतं. उतार दोन्हीकडून द्यायचा." फोन उलटा धरलेला होता, पण आमच्यातल्या कुणी तसं म्हटलं नाही.

म्फुमूंनी निकाल दिला. उद्या रविवार, प्रार्थना आटोपल्यावर दोन वाजता दोरिकाने मातीचं घमेलं घेऊन रस्त्यावर बसायचं. वस्ती आली आणि माती पडली, तर मयत पुरं झालं आणि ती मंडळात राहिली. कुणी आलं नाही, तर वस्तीनेच उत्तर दिलं असं समजायचं. "मी कुणाला बोलवायला जाणार नाही," ते म्हणाले. "बाकी रीत मासुम्बांना ठाऊक आहे." मासुम्बा म्हणजे मी. ते माझ्याकडे बघत होते आणि मी वहीत बघत होतो.

रविवारी मी ओट्यावर बसलो. तिथून रस्ता दिसतो. दोनला दोरिका आली. तिने दोन्हीकडे फांद्या टाकल्या आणि कडेला जमिनीवर बसली, पुढ्यात घमेलं. तिच्या मागोमाग शेजाऱ्याच्या सायकलवर, मागच्या कॅरिअरला चादरीने बांधून, नासिबेको आजी आल्या. त्यांना खुर्चीत बसवलं आणि वर छत्री धरली.

अडीच वाजले तरी कुणी आलं नाही. माणसं आपापल्या दारात उभी होती, हातात घमेली, कुदळी, बादल्या. चिसालेने तर फुटक्या विटांची हातगाडी भरून ठेवली होती. पण रस्त्याकडे कुणी पाऊल टाकत नव्हतं. दोरिका मान खाली घालून बसली होती. आजी मात्र छत्रीखालून एकेका दाराकडे बघत होत्या. मी स्वतःशी म्हटलं, बघ, वस्तीने उत्तर दिलं. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना.

फाटकात अमायी नाबांडा आल्या. डोक्यावर माती भरलेली पाटी होती. "अबाम्बो, किती वेळ बसणार आहात? मान मोडायची पाळी आली माझी."

"माझा काय संबंध?" मी म्हटलं.

"शेवटचं मयत कुणाच्या घरी झालं?"

आमच्या वस्तीत रीत आहे. ज्याच्या घरी शेवटचं मयत झालं, त्याने पुढच्या मयताला सगळ्यांच्या आधी जायचं. त्याच्याआधी कुणी जात नाही. त्या दुःखाची वाट त्यालाच माहीत, म्हणून पुढे तो. मी विसरलो होतो, असं मी अमायी नाबांडांना सांगितलं. खरं म्हणजे विसरलो नव्हतो. सगळी वस्ती माझ्यासाठी दारात ताटकळली आहे हे मला दोन वाजून पाच मिनिटांनीच कळलं होतं. मी बसून होतो कारण उठलो असतो तर एलुबे गेल्यापासून या ना त्या गोष्टीवर आठ महिने सांभाळलेला राग खाली ठेवावा लागला असता, आणि त्याच्यामागे नुसतं ती नसलेलं घर उरलं असतं.

"आम्ही तुमच्याकडे आलो होतो," नाबांडा हळू म्हणाल्या, "तेव्हा पुढे लिकाग्वा म्हातारा होता. मुलगा गेला होता त्याचा. त्याला दोघांनी धरून आणलं होतं. माझा काय संबंध, असं तो म्हणाला नाही."

मी आत जाऊन काळा कोट घातला. परसात एलुबेचा भाजीचा वाफा आहे, ती गेल्यापासून मी त्यात काही पेरलेलं नाही. तिथली माती घमेल्यात भरली. ती मऊ होती, बोटांनी निघाली. मग मी रस्त्यावर गेलो. माझ्या पाठीमागे दारं वाजली, कुदळी खांद्यावर गेल्या, आणि पावलांचा आवाज माझ्या मागोमाग येऊ लागला. मी वळून पाहिलं नाही. एलुबेच्या मागून चालताना हाच आवाज मला पाठीशी लागला होता आणि त्यानेच मला कबरीपर्यंत नेलं होतं, हे तेव्हा आठवलं.

दोरिका उठून उभी राहिली. मयताच्या घरी म्हणतात ते मी म्हटलं. "पेपानी, अमायी. वाईट झालं."

"तुम्ही येणार नाही असं वाटलं होतं," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं होतं."

मी माती डांबरावर ओतली. पुढचं पटापट झालं. नातवांनी खाली विटा बसवल्या, बायकांनी माती टाकली, चिसालेने फावड्याच्या पाठीने चोपून चार बोटांचं माप धरलं. उंचवटा या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला, दोन्हीकडून उतार. बायकांनी गाणं धरलं, मयतीचं नेहमीचं, कारण त्यांना तेच येतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. कुणी कशासाठी विचारलं नाही.

सैदीची मिनीबस उतारावरून आली आणि थांबली. उतारू खाली उतरले, प्रत्येकाने मूठभर माती टाकली. सैदीने चिसालेला विचारलं, "आता रोज टोपी काढायची का?"

"टोपी राहू दे," चिसाले म्हणाला. "पाय ब्रेकवर ठेव."

नगरपालिका हे उकरायला माणसं पाठवेल, असं कुणीतरी बोललं. मी सांगितलं, पाठवू दे. रस्ते विभागातली एकूण एक माणसं मला माहीत आहेत. वर फांद्या ठेवलेल्या उंचवट्यावर त्यांच्यातला एकही कुदळ मारणार नाही. कागद पुढे सरकवतील आणि पुढच्या वर्षी त्यावरच डांबर ओततील.

माणसं हात झटकत उभी होती. नासिबेको आजींनी छत्री बाजूला करायला सांगितली. मग त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांवरून नजर फिरवली, नावं पुटपुटत. लिकाग्वा म्हातारासुद्धा काठी टेकत आला होता. शेवटी त्या माझ्यापाशी थांबल्या.

"तूही आलास," त्या म्हणाल्या. "म्हणजे सगळे आले. आता मी जायला मोकळी."

"आई, गप बस," दोरिका म्हणाली आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

मी आजींच्या खुर्चीशेजारी खाली बसलो. "आज नको, आजी," मी म्हटलं. "नातू दमलेत."